तिसरी खाच

“ही आपली नव्हे,” बाबा म्हणाले आणि खिशातून काढलेली किल्ली त्यांनी टेबलावर टाकली. नजर वर्तमानपत्रावरून हललीसुद्धा नाही.

ते आंघोळीला गेले तेव्हा मुलीनेच त्यांच्या शर्टाच्या खिशातली गाडीची किल्ली काढून ही खोटी घातली होती.

“अहो, तीच आहे बाबा. काळं डोकं, तीच कडी.”

“डोकं काळं असेल गं. पाठीला धार लागतेय हिच्या. आपली गुळगुळीत झालीय. जा, कुठे ठेवलीस ती आण, बयो.”

आणावीच लागली. माणसाने उभा जन्म ड्रायव्हरकी केलेली! कचेरीत एकाच बनावटीच्या पांढऱ्या गाड्यांची रांग आणि सगळ्या किल्ल्या एका फळीवर. चिठ्ठ्या केव्हाच गळून पडलेल्या. बाकीचे ड्रायव्हर दर दाराशी खटपट करत शिव्या हासडायचे. बाबा नुसता हात फिरवून हवी ती किल्ली काढायचे. एकदा सगळ्यांनी थट्टेने त्यांचे डोळे रुमालाने बांधले, तर गाडी ओळखलीच, वर ड्रायव्हरही सांगितला. “ही त्या धसमुसळ्याची. मेला किल्ली फिरवत नाही, पिळतो!”

आता त्याच बाबांना जेवल्याचं आठवत नव्हतं. आई जाऊन वर्षं लोटली, तरी चहासाठी तिला हाका मारायचे. मागच्या महिन्यात तर आईला आणायला म्हणून गाडी घेऊन निघाले आणि उलट्या बाजूने शाळेच्या भिंतीवर जाऊन आदळले. एका बाईने पोराला दंडाला धरून खेचलं म्हणून वाचलं. त्या बाईची चप्पल चाकाखाली राहिली होती. मुलीने ती स्वतःच्या हाताने ओढून काढली, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

“विकून टाक गाडी,” धाकटा भाऊ फोनवर सांगून मोकळा झाला. लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातं? संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसले नाहीत, तर बाबा घास तोंडात घेत नसत. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा ते रस्तोरस्ती तिला शोधत फिरले होते. बॅटरीची तार काढून पाहिली, तर बॉनेट उघडून हसत हसत जोडली. राहता राहिली किल्ली.

ती पुन्हा किल्लीवाल्याकडे गेली.

“खरी किल्ली ठेवून जा,” तो म्हणाला. “तशीच झिजवून देतो. एक खाच तेवढी उथळ ठेवतो. आत जाईल, फिरणार नाही.” मग कानस हातात घेत पुटपुटला, “म्हाताऱ्या माणसाला फसवायचं म्हणजे कसंतरीच वाटतं हो, ताई.”

“मला काय गोड वाटतंय का?” ती फटकन म्हणाली.

नवी किल्ली बाबांनी बराच वेळ अंगठ्याखाली चाळवली.

“तिसरी खाच उथळ आहे. पण कारागीर चांगलाय हं,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. “आण आपली.”

स्वयंपाकघरात जाऊन ती रडली. एकदा, एकदाच फसा हो बाबा, कुणाचा जीव जाण्याआधी. खरी किल्ली दिली की त्यांच्या शेजारी गाडीत बसायचं आणि गोडीगुलाबीने वर आणायचं, एवढंच तिच्या हाती होतं. तरी दर दोन-चार दिवसांनी ती किल्ली बदलून बघायची, आणि ते पकडायचे. तिचा संताप व्हायचा आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटायचं.

मग एका सकाळी तिने किल्ली बदलली. बाबांनी शर्ट घातला, खिसा चाचपला, चहा प्यायले. काही बोललेच नाहीत.

“बाबा, किल्ली बघितलीत ना?”

त्यांनी ती काढली, उलटसुलट केली. “आहे की.”

झालं तिच्या मनासारखं. आता रस्त्यावरचं कुणाचं पोर त्यांच्या गाडीखाली येणार नव्हतं. तिने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण ती धावत आत गेली, डब्यात लपवलेली खरी किल्ली घेऊन आली आणि त्यांच्या दुसऱ्या तळहातावर ठेवली.

“नीट बघा ना. अंगठा फिरवा. तिसरी खाच, बाबा... यातली आपली कुठली?”

सांगितलं म्हणून त्यांनी अंगठा फिरवला. या किल्लीवरून, मग त्या किल्लीवरून. पुन्हा एकदा. मग दोन्ही किल्ल्या अदबीने तिच्यापुढे धरल्या.

“कुठलीही द्या, मॅडम. मी सगळ्या गाड्या चालवतो.” ते किंचित वाकले. “कुठे जायचंय?”

तिने दोन्ही किल्ल्या मुठीत घेतल्या. कसंबसं म्हणाली, “आज... आज कुठे नाही जायचं.”

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दाराशी असलेल्या स्टुलावर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, आतून हाक आली की लगेच उठता येईल असे.