वसुंधराताईंचं फिटलेलं कर्ज

वसुंधराताईंच्या फ्लॅटचं कर्ज फिटलं हे कळल्यापासून अश्लेषाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. खरं तर त्यात जळण्यासारखं काय होतं? ताईंचे यजमान जयवंतराव गेल्या वर्षी अचानक गेले, आणि कर्जाबरोबर घेतलेल्या विम्यातून ते फिटलं. नवरा गेलेल्या बाईचा हेवा करू नये, एवढं अश्लेषालाही समजत होतं. पण समजून उपयोग काय? जूचंद्रच्या त्या इमारतीत दोघींची दारं शेजारीशेजारी. ताईंच्या दारामागे एकही हप्ता नाही आणि आपल्या दारामागे अजून पंधरा वर्षांचे, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

त्यात तिच्या नवऱ्याची, जितेशची, कामणच्या गोदामातली नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली. तेव्हा तिला आधी आठवला तो त्यांनीही कर्जाबरोबर घेतलेला विमाच. विकणारा म्हणाला होता, "वहिनी, नोकरी गेली तर हप्ते कंपनी भरणार. टेन्शनच घेऊ नका." विम्याचे एक लाख दहा हजार त्याने कर्जातच चढवले होते. अश्लेषा कागद घेऊन बँकेत गेली, तर तिथली मुलगी पानं चाळून म्हणाली, "मॅडम, यात नोकरीचं काहीच नाही. फक्त डेथ कव्हर आहे."

म्हणजे जितेश मेला तरच! अश्लेषाने घाईघाईने कागद पिशवीत कोंबले. आणि मेलं मन असं, की लगेच परत ताईच आठवल्या.

तक्रार कशी करायची ते इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. जयवंतरावांनी शुगर लपवली असं म्हणून कंपनीने आधी पैसे नाकारले होते. ताईंनी आठ महिने भांडून, विमा लोकपालांपर्यंत तक्रार नेऊन ते मिळवले. शेवटी मनावर दगड ठेवून अश्लेषाने त्यांची बेल वाजवली.

ताईंनी चहा ठेवला, जाडजूड फाईल काढली. "विकणारा तोच ना? यांचाही फॉर्म त्यानेच भरला होता. सही कुठे करायची तेवढं दाखवलं. आता तू लिही. आधी कंपनीला, महिनाभरात ऐकलं नाही तर लोकपालांकडे. नोकरीचं काय बोलला होता, त्याचा मेसेज आहे?"

"व्हॉट्सॲपवर आहे."

"मग हे एक लाख दहा हजार परत मागायचेच. सोडायचं नाही."

अश्लेषा लिहू लागली. पण तिची नजर सारखी फाईलमधल्या बँकेच्या पत्राकडे जात होती. 'कर्ज पूर्णपणे फेडले आहे.' काय देखणा कागद होता तो! तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही तरी सुटलात, ताई."

बोलली आणि तिने जीभ चावली. ताई रागावल्या नाहीत. रिकाम्या कपाकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या आणि माझ्या हॉलची भिंत एकच आहे गं. संध्याकाळी जितेशचा आवाज आला की मी टीव्ही बंद करते. काय बोलतो ते कळत नाही. घरात माणसाचा आवाज असतो, एवढंच. तुम्ही भांडता ना, तेव्हा तर मला तुझा इतका हेवा वाटतो..." वाक्य अर्धं सोडून त्यांनी कागद पुढे ओढला. "इथे तारीख राहिली."

संध्याकाळी जितेश एका इंटरव्ह्यूहून आला. नोकरी गेल्यापासून तो घरातही दबक्या आवाजात बोलायचा. तसाच काहीतरी सांगू लागला. अश्लेषाने काय केलं, तर रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. नवरा माझा, त्याचा आवाजही माझा. कर्ज फिटलेल्या बाईला तो फुकटात कशाला?

जाहिराती लागल्या तसा तिने आवाज कमी केला. पलीकडून रोज या वेळी मालिकेचा आवाज यायचा. आज येत नव्हता.

तिने टीव्ही बंद केला. "काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल."

"अगं, शेजारी ऐकू जाईल."

"जाऊ दे," अश्लेषा म्हणाली.