बिननावाचा चषक

प्रफुल्ल गांगुर्डे नाशिकच्या इंदिरानगरात राहत आणि एका विमा कंपनीत कारकुनी करत; पण त्यांचा जीव अडकलेला होता नेमबाजीत. तरुणपणी ते स्वतः पिस्तूल चालवायचे. पुढे नजर अधू झाली, तेव्हा खेळ सुटला आणि ते एका लहानशा नेमबाजी क्लबचे सचिव झाले. दर जानेवारीत क्लब जिल्ह्याची स्पर्धा भरवी. आणि दर वर्षी बैठकीत पहिला प्रश्न निघे तो ठरलेला, "व्यासपीठावर कोण कोण बसणार?"

त्या वर्षी अकरा नावं निघाली. प्रायोजक, त्यांचे थोरले बंधू, दोन माजी नगरसेवक, कुणाचे तरी व्याही. प्रत्येकाला शाल, फेटा आणि सागवानी चौकटीतलं स्मृतिचिन्ह. त्यावर पाहुण्याचं नाव पितळी अक्षरांत! हे सगळं ठरल्यावर जे उरलं, त्यात खेळाडूंची बक्षिसं बसवायची होती.

प्रफुल्ल रविवार कारंजावरच्या दुकानात गेले, तेव्हा सोबत कोंडाजी होते. कोंडाजी म्हणजे पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालेले हवालदार. क्लबात मुलांना शिकवायचे, एक पैसा न घेता. दुकानदाराने दोन फुटी सोनेरी चषक पुढे मांडले. उचलून पाहिले तर पिसासारखे हलके. सगळं प्लॅस्टिक. वर बॅट उगारलेला खेळाडू.

"हे तर क्रिकेटचे," प्रफुल्ल म्हणाले.

"नेमबाजवाले चारच शिल्लक आहेत, साहेब. बाकीच्यांना हाच चालवून घ्या. लांबून कुणाला कळतंय?"

कोंडाजींनी काचेतला एक पितळी बिल्ला उचलला. तळहातावर मावेल एवढा. "प्रफुल्लराव, हे घ्या. स्वस्तात पडेल आणि नावही कोरून मिळेल. पोरं जन्मभर जपतील."

"काका, बिल्ला फोटोत दिसत नाही. प्रायोजकांना उंच काहीतरी हवंय. आणि नाव कोरायचं म्हणजे निकालानंतर थांबायला हवं. स्टिकर लावू नंतर."

कोंडाजींनी बिल्ला जागेवर ठेवून दिला.

स्पर्धेत मुलींच्या एअर पिस्तूल गटात पहिली आली तेजस्विनी. पिंपळगाव बसवंतची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. बाप ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. आई कलाबाई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. मुलगी आठवड्यातून तीनदा बसने नाशकात येई आणि क्लबच्या जुन्या पिस्तुलावर सराव करी. त्याच पिस्तुलाने तिने चारशेपैकी तीनशे बासष्ट गुण मिळवले होते. नेम धरायच्या शेवटच्या कागदी कार्डावर पाच छर्रे, त्यांतले चार मधोमध. कोंडाजींनी ते कार्ड दोनदा पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. राज्य स्पर्धेचा रस्ता तिला मोकळा झाला होता.

बक्षीस समारंभ चारचा होता. प्रमुख पाहुणे सव्वासहाला उगवले. मग सत्कार आणि भाषणं. खेळाडूंची पाळी आली तोवर निम्मी मुलं पाठीला बॅगा अडकवून दाराशी उभी. तेजस्विनीच्या हातात चषक आला तो बॅटवाला. पायथ्याशी मोठ्या अक्षरांत प्रायोजकांचं नाव आणि त्यांचा फोटो. खाली कोरी जागा.

"सर, यावर माझं नाव नाही. खेळाचंही नाही."

"स्टिकर लावून देऊ गं," प्रफुल्ल म्हणाले. "पुढच्या वेळी आलीस की घेऊन ये."

"आणि प्रमाणपत्र?"

"त्यावर अध्यक्षांची सही राहिलीय. पोस्टाने पाठवतो."

ती "बरं सर" म्हणून बस गाठायला पळाली. प्रफुल्ल पाहुण्यांना निरोप द्यायला वळले. प्रमाणपत्रांचा गठ्ठा कपाटात गेला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर तेजस्विनी सरावाला आली नाही. परीक्षा असेल, असं प्रफुल्लना वाटलं. कोंडाजींनी दोनदा फोन केला, उचलला गेला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी एक बाई क्लबात आली. अंगावर कामाची साडी, हातात पोतं. तिने पोत्यातून चषक काढून टेबलावर ठेवला. बॅटवाल्याचा हात मोडलेला होता.

"म्या तेजीची आई. साहेब, ह्यो कप माझ्या पोरीनं जिकला का, तेवढं कागदावर लिहून द्या."

प्रफुल्ल गडबडून उठले. "तिनेच जिंकला! पहिला नंबर होता तिचा."

"तुमी म्हन्ता. पन ह्याच्यावर कुटं हाय तसं?" कलाबाईंचा आवाज चढला नाही. "माझा दीर हाय, पुंजा. घरात त्याचाच शबूद चालतो. तो म्हनला, पोरगी सांगते पिस्तूल चालवते आन आनते किरकेटचा कप, तोबी दुसऱ्याच्या नावाचा. म्हंजी इकत आनला. मंग ही हप्त्यातून तीनदा नाशकाला जाते कुटं? गावात लय बोलनं झालं, साहेब. तिचं कालेज तेवढं चालू ठिवलं, बाकी समदं बंद. ती म्हनायची, टपालानं कागद येनार हाय, मंग दावते. रोज इचारायची. नाय आला."

प्रफुल्लनी कपाट उघडलं. गठ्ठ्यात वरून तिसरंच प्रमाणपत्र तेजस्विनीचं होतं. सहीची जागा अजून रिकामी.

"चूक झाली," ते पुटपुटले. "पण हे मुद्दाम नाही झालं. इतकी कामं असतात, वेळ..."

"वेळ?" कोपऱ्यात पिस्तूल पुसत बसलेले कोंडाजी उभे राहिले. "अकरा पाहुण्यांची नावं पितळेत कोरायला वेळ होता! व्याह्यांच्या आडनावातला ऱ्हस्व उकार चुकला म्हणून तुम्ही दुकानात दोन खेपा मारल्या. आणि जिच्यासाठी स्पर्धा भरवली, तिचं नाव लिहायला आपल्याकडे स्टिकर नव्हता? प्रफुल्लराव, शहरातल्या पोराला कप म्हणजे शोभा. त्याच्या घरी कुणी संशय घेत नाही. खेड्यातली पोरगी पिस्तूल उचलते तेव्हा तिच्यावर दहा जण डोळे लावून बसलेले असतात. त्यांना दाखवायला तिच्याकडे तेवढी एकच वस्तू असते. ती आपण खोटी दिली!"

प्रफुल्ल खाली बसले. लांबून कुणाला कळतंय, असं दुकानदार म्हणाला होता आणि त्यांनी मान डोलावली होती. जवळून पाहणाऱ्या घराचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता! त्यांना स्वतःची लाज वाटली. रागवायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

कोंडाजींनी तेजस्विनीची कार्डं सांभाळून ठेवली होती. शेवटचं कार्ड, त्यावर पंचांची सही, तारीख आणि गुण. प्रफुल्लनी ते एका सुताराकडून छोट्या लाकडी चौकटीत बसवून घेतलं आणि खाली तिचं पूर्ण नाव कोरून घेतलं. अध्यक्षांच्या दारात उभं राहून प्रमाणपत्रावर सही घेतली. रविवारी दोघं पिंपळगावला गेले.

पुंजाने चौकट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "तवा का नाय दिलं? दोन महिन्यांनी कुनीबी काहीबी छापून आनतं." त्याने ती खाटेवर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

तेजस्विनी चहा घेऊन आली. तिने चौकट उचलली. कार्डावरच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"माझंच आहे," ती म्हणाली.

"तू सरावाला ये, पोरी," कोंडाजी म्हणाले. "मी बोलतो तुझ्या चुलत्याशी."

"काका, राज्य स्पर्धेच्या नोंदणीची तारीख गेली. आता आणखी एक वर्ष घरात रोज भांडायचं, तेवढी ताकद नाही उरली माझ्यात." मग प्रफुल्लकडे न पाहता तिने विचारलं, "सर, चहात साखर कमी तर नाही ना?"



पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या बैठकीत व्यासपीठाचा प्रश्न निघाला, तेव्हा प्रफुल्ल म्हणाले, "यंदा व्यासपीठ नाही." प्रायोजक दुखावले आणि निघून गेले. दोन सभासदही गेले. उरलेल्यांनी स्पर्धा भरवली. बक्षीस म्हणून प्रत्येक विजेत्याचं स्वतःचं शेवटचं कार्ड, लाकडी चौकटीत, खाली नाव, गाव आणि गुण. सुतार दिवसभर तिथेच बसून होता. आधीच्या चषकांच्या निम्म्या खर्चात सगळं उरकलं.

बक्षिसं द्यायला त्यांनी तेजस्विनीला बोलावलं होतं. ती आली नाही. आल्या कलाबाई, एकट्या.

"पोरगी नगं म्हनली. कुटं चालली म्हनून मला कुनी इचारलं नाय, म्याबी कुनाला इचारलं नाय. आले."

त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक चौकट देण्याआधी त्या कोंडाजींकडे धरत आणि म्हणत, "नाव वाचा. मोठ्यानं वाचा." कोंडाजी वाचत. मग त्या ती मुलाच्या हातात देत. चारला सुरू झालेला समारंभ पावणेपाचला संपला आणि मुलं उजेडात घरी गेली.

मंडळी, आपणही शाळेत, सोसायटीत, मंडळात बक्षिसं वाटतो. खर्च जमेल तेवढाच करा, लहानशी वस्तू द्या. पण ती कुणाची आणि कशासाठी, हे तिच्यावर लिहा आणि त्याच दिवशी द्या. बक्षिसावर पहिला हक्क जिंकणाऱ्याच्या नावाचा आहे. प्रफुल्ल गांगुर्डे यांना हे कळलं खरं, पण ते कळेपर्यंत एका मुलीचा खेळ संपला होता.