लाल बाटली

गॅरेजातली माणसं मालकाच्या आईला पाठीमागे ‘सरकार’ म्हणत. सरकारांना हे ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं दाखवण्यात त्यांना फार गोडी वाटायची.

खाली लेकाचं गॅरेज, वर घर. घरची मोटरसायकल मात्र सुनेच्या हातात. दर रविवारी सून पुढे, सरकार मागच्या सीटवर, अशी वरात सरकारांच्या धाकट्या बहिणीकडे निघायची. बहीण अंथरुणाला खिळलेली, पण जिभेला गंज नाही. दोघी बहिणी बसून अख्ख्या गोताची उणीदुणी काढायच्या. सरकारांचा आठवडा त्या एका दिवसावर उभा होता.

तर काल सुनेनं ती मागची सीटच उतरवली. इतर गॅरेजांना सुटे भाग पोचवायचं काम तिनं नवीनच धरलं होतं, म्हणून सीटच्या जागी पत्र्याचा हा भलामोठा खोका! सरकार पायरीवर बसून बघत होत्या. हादऱ्यानं बोल्ट ढिले पडू नयेत म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकर लावतात, त्या औषधाचा थेंब सुनेनं सोडला आणि पान्ह्यानं बोल्ट आवळला. तिच्या हातातली बाटली लाल होती.

सरकारांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. लालच! शाळेत त्या फार टिकल्या नव्हत्या, पण उभा जन्म या गॅरेजात गेलेला. नवरा सांगायचा, पुन्हा उघडायचं असेल तिथं निळं औषध, कायमचं बसवायचं तिथं लाल. लाल लावलेला बोल्ट तापवल्याशिवाय हलत नाही.

म्हणजे आपली सीट कायमची गेली. आणि एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही!

जेवताना त्यांनी तोंड उघडलं ते घासापुरतं.

“आई, बरं वाटत नाही का?” सुनेनं विचारलं.

“मला काय धाड भरलीय? अडगळीला कधी ताप येतो का?”

लेकानं ताटात डोकं घातलं. दोघींच्या मध्ये पडू नये, एवढी अक्कल त्याला आईकडूनच आली होती.

आज दुपारी घर आडवं झालं तशा सरकार खाली उतरल्या. डोळ्यांनी पाहिलेलं हातानं पडताळल्याशिवाय त्यांना चैन नव्हती. खोक्याच्या बोल्टाला पान्हा लावला. हलेना. जीव एकवटून अंग टाकलं, तसा बोल्ट कटकन वाजला आणि कुरकुरत का होईना, फिरला. बाहेर आला तर आट्यांत वाळलेली पूड. निळी!

“आई! माझा खोका कुठं चालवलात?” सून दारात उभी.

“तुझं काम तपासतेय. कच्चं आहे. माझ्या हाडकांनी उघडलं.”

“उघडायलाच हवं की! रविवार आला की खोका उतरवायचा, तुमची सीट चढवायची. नाहीतर मावशी मला फाडून खातील.”

“मग लाल बाटली कशाला घेतलीस?”

सून खुदकन हसली. “अहो, ही कंपनी सगळी औषधं लाल बाटलीतच भरते. आतलं निळंच आहे.”

“बाहेरून लाल, आतून निळं! माणसांत बघितली होती अशी, आता बाटल्याही निघाल्या.”

“आणि तुम्ही कालपासून यावर फुगला होतात?”

“फुगायला मी काय ट्यूब आहे?”

एकदा उघडलेल्या बोल्टावर जुनं औषध धरत नाही. सून खाली बसली, तारेच्या ब्रशनं निळी पूड खरवडली, आटे पुसून कोरडे केले. सरकार पायरीवर जाऊन टेकल्या. बाटली तिरपी होताच त्यांची मान पुढे आली.

“अगं पुरे, पुरे! एकच थेंब. रविवारी काढायचंय ते.”