न मोजलेली मेंढरं

मित्रांनो, शाळेच्या अडगळीत मोडक्या बाकांखाली एक सागवानी पेटी पडली आहे. ती मी. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात 'बुद्धिमापन' असं लिहिलेलं होतं. आता त्यातलं 'मापन' तेवढं वाचता येतं. माझ्या पोटात जाड पुठ्ठ्यांवरची चित्रं, लाकडी तुकडे आणि एक चावीचं घड्याळ असे. मला तोंड नाही. असतं, तर ही गोष्ट जिथं सांगायला हवी होती, तिथंच मी सांगितली असती.

लढाईच्या दिवसांत सांगलीच्या केरबा सुतारानं मला घडवलं. त्यानं बसवलेला एकही सांधा अजून हललेला नाही. चित्रं मात्र दुसरीकडून आली. कुण्या विलायती पुस्तकावरून ती उतरवून काढली होती. त्यात चहाचा कप होता, बंद दार होतं, गुबगुबीत मेंढरं होती. सगळ्या मुलांना हेच प्रश्न, ह्याच शब्दांत आणि एवढ्याच वेळात विचारावेत, असं सोबतच्या सूचनांत छापलं होतं.

मला वापरायचे लालासाहेब मास्तर. ते मूळचे वाईचे आणि सांगलीत एक वसतिगृह चालवायचे. माणूस वाईट नव्हता. पूर्वी वसतिगृहातल्या जागा वशिल्यानं जायच्या, त्याची त्यांना चीड होती. म्हणून त्यांनी मला आणलं. "पेटीला मामा-काका नसतात," असं ते सगळ्यांना सांगत आणि मी फुगून जाई. पेठेतल्या व्यापाऱ्यांची, वकिलांची मुलं माझ्यापुढं बसून पटापट उत्तरं देत. माझं नाव झालं. साताऱ्याच्या आणि वाईच्या शाळांनीही मला मागून नेलं.

एका जूनमध्ये जतकडचा बिराप्पा धनगर आपल्या मुलाला घेऊन आला. मुलाचं नाव धुळा. वसतिगृहात एकच जागा उरली होती.

"मास्तर, आमची हयात चाऱ्यामागं हिंडण्यात गेली," बिराप्पा म्हणाला. "ह्यो तरी एका जागी बसून शिकू दे. लय हुशार हाय."

"ते पेटी सांगेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बिराप्पाला बाहेर ओट्यावर बसवलं.

पहिलं चित्र कपाचं निघालं. कपाला कान नव्हता.

"यात काय कमी आहे?"

"च्या," धुळा म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं की. रिकामाच हाय."

मास्तरांना हसू आलं, पण त्यांनी शून्य मांडलं. मग कडी नसलेलं दार आलं.

"दाराला काय नाही?"

"आमाला दारच न्हाई, मास्तर. आमी पालात ऱ्हातो."

पुन्हा शून्य. त्यानंतर लाकडी तुकडे आले. ते तुकडे धुळानं असे झरझर जागच्या जागी बसवले, की मास्तरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना. आता एक उत्तर बरोबर आलं असतं, तर जागा त्याची होती. माझ्या पोटातून मेंढरांचं चित्र बाहेर आलं.

"बोट ठेवून मोठ्यानं मोज."

धुळानं हात पुढं केला आणि लगेच पाठीमागं लपवला.

"ही कुठली मेंढरं? लय लठ्ठ हायती."

"कुठली का असेनात. मोजता येतं ना?"

"येतंय. पण मेंढरं मोजायची नसत्यात. दिष्ट लागती. आमची आय वरडती."

"अरे, ही कागदाची आहेत, गड्या."

"कागदाची आसली, तरी कुणाची तरी असतील की."

घड्याळ चालत होतं. मी तळमळत होते. अहो मास्तर, खडे मोजायला सांगा! चिंचोके द्या त्याच्या हातात! मास्तरही घुटमळले. पण त्यांची नजर सूचनांच्या कागदावर गेली आणि वेळ संपली.

बाहेर येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "बिराप्पा, पोरगं मंद आहे. त्याला शाळा झेपणार नाही."

"मंद म्हंजी?"

"बुद्धी कमी."

धुळा शेजारीच उभा होता. बापलेक निघून गेले आणि ती जागा हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला मिळाली.

पावसाळ्यात मास्तरांची खोली गळू लागली, म्हणून त्यांनी मला जेवणघरातल्या फळीवर ठेवलं. एका दुपारी पंगतीतला एक मुलगा दुरडीतल्या भाकरी बोटानं मोजायला लागला. स्वयंपाकीण शालूबाईनं त्याच्या हातावर चापट मारली.

"मोजतोस काय रं? भाकरी मोजू नये. बरकत जाती."

मुलं हसली. मास्तरांचा घास हातातच राहिला. "माझी आईसुद्धा असंच म्हणायची," ते म्हणाले आणि पानावरून उठले.

त्यांनी मेंढरांऐवजी आंब्यांचं एक नवं चित्र काढवून घेतलं आणि मला घेऊन जतची मोटार गाठली. विचारत विचारत आम्ही एका माळावर बिराप्पाच्या पालाशी पोचलो. बिराप्पानं मास्तरांना घोंगडी अंथरली, दूध दिलं.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "धुळाला घेऊन जायला आलोय. जागा नसली तर माझ्या खोलीत राहील." त्यांनी आंब्यांचं चित्र धुळापुढं धरलं. "हे मोज, बाळा."

धुळानं चित्राकडं पाहिलंही नाही.

"मला न्हाई येत."

"येतंय. तूच म्हणाला होतास."

"तवा वाटत हुतं. मी मंद हाय."

आपलं नाव सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं.

"आमी त्याला तसं कवा म्हणलो न्हाई, मास्तर," बिराप्पा म्हणाला. "तुमच्याकडनंच घिऊन आला त्यो. आता बाजारालाबी येत न्हाई. माझं चुकंल म्हणतो."

मास्तरांनी परोपरीनं समजावलं. धुळानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, काठी उचलली आणि तो मेंढरांमागं निघून गेला. आम्ही दोघंच परत आलो.

मास्तरांनी मला पुन्हा उघडलं नाही. पण दुसऱ्या शाळांतल्या मास्तरांनी उघडलं. मेंढरांऐवजी आंबे आले, बाकीची चित्रं तीच राहिली, आणि 'मंद' हा शिक्का घेऊन आणखी कितीतरी मुलं माझ्यापुढून उठून गेली. पुढं माझं घड्याळ बंद पडलं, तेव्हा कुठं मला इथं आणून टाकलं.

मित्रांनो, मला पुसा, नवा रंग द्या, असं मी म्हणत नाही. सागवान चांगलं जळतं, वाटलं तर चुलीत घाला. पण कुणाची बुद्धी मापायला बसलात, तर त्याच्या घरी काय आहे आणि काय नाही, ते आधी बघून या. तो वेगळं काही बोलला, तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. धुळा काही गप्प बसला नव्हता. त्यानं कारण सांगितलं होतं.