तेलाच्या आधी पाणी

सगुणाबाईंनी गिरणीच्या इंजिनाच्या तळाचा बोल्ट पान्याने ढिला केला, आणि तेलाच्या आधी पाणी आलं.

आधी थेंब, मग बारीक धार. खाली ठेवलेल्या घमेल्यात तांब्याभर पाणी जमलं आणि त्यानंतर ताकासारखं पांढुरकं झालेलं तेल उतरू लागलं. त्यांनी बोल्ट आवळला, हात गोणपाटाला पुसले आणि दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे वळून पाहिलं.

“काल सांजच्याला इंजिन बंद केलं. पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठुली. रातभर इंजिन उभंच व्हतं. तरी पाणी खाली उतरलंच की न्हाई?”

“उतरलं ना. मी तेच म्हणून राह्यलो मावशी,” तातेराव मिस्त्री म्हणाले. “ब्लॉक गेला. इंजिनाचं धड फुटलं.”

तातेराव जालन्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने हसनाबादला आले होते. चार दिवसांपूर्वीही ते येऊन गेले होते. तेव्हा त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली होती, तेलात बोट बुडवून पाहिलं होतं आणि पाच मिनिटांत निकाल दिला होता: हे भंगारात काढा, विजेची मोटार बसवा. सगुणाबाईंचे दीर रामकिसन यांना तो निकाल पटला होता. गिरणीची खोली रस्त्यावर होती आणि एक बियाण्याचा दुकानदार ती भाड्याने मागत होता. वहिनींचं वय पन्नाशीला आलं होतं. त्यांनी आता आराम करावा, असं रामकिसन मनापासून म्हणत.

सगुणाबाईंना आराम नको होता. नवरा संपत सहा वर्षांपूर्वी गेला, त्या महिन्यातच त्यांनी गिरणी स्वतः चालवायला घेतली. इंजिनाला हँडल मारणं, पट्टा चढवणं, दगडांना छिन्नीने खाचा पाडणं, सगळं त्या करत. गावात विजेवरची एक गिरणी होती. पण १९९२च्या त्या उन्हाळ्यात वीज दिवसाचे चार तास राहिली तरी लोक समाधान मानत. बाकी वेळ गावाचं दळण सगुणाबाईंकडे येई.

“ब्लॉक गेला ते तुम्ही कशावरून म्हणता?” त्यांनी विचारलं.

“पाणी तेलात आलं म्हणून.”

“पाणी तीन वाटांनी येतं. वरचं गॅस्केट गेलं, तर चालू इंजिनात टाकीमधी बुडबुडे येतेत. मी परवा तासभर टाकीपाशी बसले. एक बुडबुडा न्हाई. धूरबी पांढरा न्हाई. म्हंजी वरून जात न्हाई. राह्यल्या लायनरच्या बुडाच्या रबरी कड्या, न्हाईतर ब्लॉक. तुम्ही कड्या बघितल्या का?”

तातेरावांनी नकारार्थी मान हलवली.

“खोला,” सगुणाबाई म्हणाल्या. “न उघडता मेलं म्हणू नका.”

“वैनी, खोलायचा खर्चा वायाच जाईल,” रामकिसन बाहेरच्या बाजेवरून म्हणाले.

“जाऊ द्या, भावजी. मला कळंल तरी.”

दुपारपर्यंत हेड निघालं, पिस्टन निघाला. लायनर बाहेर काढताना तातेरावांनी खालून लाकडी ठोकळा लावला आणि सगुणाबाईंनी वरून धरला. पितळी कढईएवढा जड तो लोखंडी नळा पोत्यावर आडवा पडला तेव्हा दोघांनी एकदमच त्याच्या बुडाकडे पाहिलं. रबरी कड्या कडक झाल्या होत्या. एक तर तीन जागी तुटली होती. नखाने उचलताच तिचे तुकडे हातात आले.

तातेराव हसले. त्यात खिजवणं नव्हतं. “मानलं मावशी. बराबर सांगितलं तुम्ही. ह्या बदलतो अन् संध्याकाळी चालू करून देतो.”

रामकिसन उठून आत आले. सगुणाबाईंनी मात्र तुकडे बाजूला ठेवले आणि ब्लॉकच्या तोंडात वाकून पाहत राहिल्या.

“थांबा. तुमचं म्हणणंबी बघू द्या की.”

त्यांनी चिंधी रॉकेलात भिजवली आणि लायनर जिथे टेकतो ती आतली कड सगळीकडून चोळून काढली. थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने ती लख्ख पुसली. मग गिरणीच्या तोंडाशी साचलेलं ज्वारीचं बारीक पीठ चिमटीत घेऊन त्यावर भुरभुरलं. भेग शोधायला तातेराव खडूची भुकटी वापरत. पिठाने हे काम होताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लोखंडावर पीठ पांढरंशुभ्र होतं. हळूहळू त्यात केसाएवढी एक काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ वाढत गेली, कडेवरून खाली वळली आणि बोटभर लांब होऊन थांबली.

सगुणाबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं नाही. त्या तिथेच खाली बसल्या.

“हे माझ्या हातचं हाये,” त्या म्हणाल्या.

“काहून? लोखंड हाये, जुनं झालं,” तातेराव म्हणाले.

“न्हाई. अखजीच्या सणाच्या आदल्या दिवशी बाया वाट बघत बसल्या व्हत्या. टाकी कव्हा आटली, माझ्या ध्यानात आलं न्हाई. इंजिन तापून लाल व्हायची बारी. बंद करून थंड होऊ द्यायचं व्हतं. मी तसंच विहिरीचं गार पाणी वतलं. आतून टणकन आवाज आल्ता. मी आयकला, अन् न आयकल्यावानी केलं.”

रामकिसनना काही बोलता आलं असतं. पण त्यांनी माठातलं पाणी आणून वहिनींपुढे ठेवलं.

तातेराव भेगेकडे बघत होते. आता इंजिन भंगारात काढायला त्यांचंच मन होत नव्हतं. “मावशी, जालन्यात बिडाच्या लोखंडाचं वेल्डिंग करणारा एक हाये. करून आणतो. कड्या नव्या टाकतो. चालंल.”

“किती दिवस?”

“चालंल की.”

“तातेराव, किती दिवस?”

त्यांनी मान खाली घातली. “दोन महिने. जास्तीत जास्त दिवाळी.”

“अन् मंग चालत्या इंजिनात पाणी तेलात मिसळंल. बेअरिंग जाम व्हईल. एवढं मोठं चाक फिरतंय अन् बाया त्याच्यापासून चार हातांवर बसतेत.” त्या उठल्या. “न्हाई. हा ब्लॉक मी परत चढवणार न्हाई.”

“मंग बियाण्यावाल्याला निरोप देऊ?” रामकिसननी हळूच विचारलं.

“ब्लॉक गेला भावजी. इंजिन न्हाई गेलं. चाक चांगलं, क्रँक चांगला, पंप चांगला. एकच भाग पाहिजे.” पदर खोचत त्या तातेरावांना म्हणाल्या, “चला माझ्यासंगं. कडूबाच्या मळ्यात असलंच इंजिन पडून हाये. त्याचा क्रँक तुटला तव्हापासून त्यानं मोटार बसवली.”

कडूबाच्या विहिरीवर ते इंजिन झाडाखाली उभं होतं, वेलींनी वेढलेलं. सगुणाबाईंनी आधी वेल तोडले, मग हेड काढायला लावलं, आणि लायनर निघाल्यावर पुन्हा रॉकेल, पुन्हा पीठ. या वेळी त्या किती तरी वेळ वाकून पाहत राहिल्या. पीठ पांढरंच राहिलं.

“घिऊन जा,” कडूबा म्हणाला. “काय कामाचं हाये ते मला?”

“फुकट न्हाई नेणार. वरीसभर तुझ्या घरचं दळण माझ्याकडं.”

“अगं अक्का, माझ्या घरात चौदा माणसं हायेत!”

“मला ठावं हाये किती हायेत ते. दळते मी.”

बैलगाडीतून ब्लॉक आला. दोन दिवस तातेराव हसनाबादलाच राहिले. त्यांनी पिशवीतल्या नव्या कड्या चढवल्या, लायनर बसवला आणि पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी सगुणाबाईंनी तळाचा बोल्ट उघडला. जाडसर, स्वच्छ तेल आलं. त्यांनी ते बोटांवर चोळून पाहिलं आणि हँडल उचललं.

तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने ठोका धरला.

ठोका निराळा होता. आधीच्या आवाजात एक हलकी, उडती लकेर होती. हा भरीव होता, जमिनीत उतरणारा. तातेरावांना तो आवडला. “कंप्रेशन वाढलं मावशी,” ते म्हणाले आणि पिशवी उचलून गाडी गाठायला निघून गेले.

नऊ वाजले, दहा वाजले. वीज नव्हती, तरी कुणीच दळण घेऊन आलं नाही. सगुणाबाई दारात येऊन रस्त्याकडे पाहू लागल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. अठरा वर्षं गाव तो जुना एकच आवाज ऐकून दळणाच्या पाट्या भरत होतं. तो आवाज संपतने पहिल्यांदा सुरू केला होता. तो आता या गावात पुन्हा कुणाला ऐकू येणार नव्हता.

त्या आत गेल्या. घरची ज्वारी आणून त्यांनी स्वतःच वर ओतली.

साडेदहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या चतुराबाई रिकाम्या हातांनी दाराशी आल्या आणि बाहेरूनच ओरडल्या, “कुणाची गिरण चालू झाली वं ही?”

सगुणाबाईंनी पिठात हात घालून ते बरोबर उतरतंय का ते पाहिलं. मग तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर दिलं.

“माझी हाये. जा, दळण घिऊन ये.”