दोन विटांचा उतार

"भिंतीला हात लावून बघा, गेणूभाऊ," नसीर म्हणाला.

गेणूने हात लावला नाही. अकरा वर्षं रोज सकाळी गिरणीच्या भिंतीला डावा तळवा टेकवून तोच इंजिनाची तब्येत सांगत आला होता. आज दुसऱ्याच्या सांगण्यावरून टेकवायचा? त्याने पितळी पेला पाण्याने काठोकाठ भरून चालू इंजिनाच्या चौथऱ्यावर ठेवला. थेंब सांडला की नसीरकडे बघून हसायचं, एवढंच ठरवलं होतं. पाणी नुसतं शहारलं. थेंब काही सांडला नाही.

वडगावच्या या भात सडायच्या गिरणीची थरथर सगळ्या मावळात ठाऊक होती. शेजारच्या कस्तुराबाईच्या फळीवरची भांडी दिवसभर वाजत, कंदिलाच्या काचा तडकत. गेणूने चौथऱ्याखाली सागाच्या पाचरी ठोकल्या, गोणपाट कोंबलं, नारळही फोडला. थरथर गेली नाही, पण गेणूचा गेणू मिस्त्री झाला. एवढं खवळलेलं जनावर रोज सांभाळतो म्हणजे काय! जनावर शांत असतं, तर त्याला कोण विचारणार होतं?

नसीर लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधला, तिशीचा. गिरणीच्या शेठनी त्याला रविवारच्या सुट्टीत बोलावलं होतं. त्याने पट्टा उतरवला, इंजिनाचं मोठं चाक आसासकट दोन सपाट लोखंडी पट्ट्यांवर ठेवलं. चाक आपोआप गडगडलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तीच बाजू खाली.

"ही बाजू जड. फिरताना हीच धक्के मारते."

समोरच्या बाजूला त्याने भातखाचरातल्या ओल्या मातीचा गोळा चिकटवला, चिमूट चिमूट कमी-जास्त केला. जिथे सोडावं तिथे चाक उभं राहू लागलं, तेव्हा गोळा तोलला आणि तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा तिथे आवळून बसवला. बस्स! अकरा वर्षांच्या दुखण्याला मूठभर माती पुरली.

"शेड सोडून इकडंच ये की," शेठ खुशीत म्हणाले. "पाडव्याला कामावर घ्यायचं बघू."

ते गेणूला भाकरीतल्या खड्यासारखं लागलं.

तिसऱ्या दिवशी भाताचं तूस अडलं. तूस बाहेर टाकणारी पत्र्याची पन्हळ गेणूनेच बसवलेली, जवळजवळ आडवी. आजवर थरथरच तूस पुढे ढकलत होती. थरथर गेली, तूस बसलं. नसीर मातीचा गोळा लावत होता तेव्हाच गेणूला हे दिसलं होतं. पण बोलेल तो गेणू कसला.

"बगा शेठ! चाक गप केलं. आता तूस कोन हलवनार?"

"तू," शेठ म्हणाले, आणि कळकाची काठी त्याच्या हातात दिली.

गेणू पन्हळ बडवायला बसला. भात घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ऐकवायचा, "ही लोनावळ्याची करामत!" आठ दिवस असे मजेत गेले. खांदा सुजला. आणि एका सकाळी बाहेरून आवाज आला, "अगं, त्यो पन्हळ बडवनारा कुटं गेला?"

मिस्त्री कुणी म्हटलं नाही.

पन्हळीच्या तोंडाशी झुंबरबाई तुसाची पोती भरायची. ती म्हणाली, "गेणूभाऊ, वरच्या टोकाखाली दोन विटा सारल्या तर? मला आडानीला बी दिसतंय."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" तो खेकसला, आणि त्याने जीभ चावली.

झुंबरबाईने हातातलं पोतं खाली ठेवलं. "म्हंजी दिसतंय म्हना की."

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायच्या आत त्याने दोन विटा सारल्या. तूस पाण्यासारखं वाहू लागलं. शेठ आले, थबकले.

"वा! नसीर येऊन गेला वाटतं?"

गेणूने मनातल्या मनात तोलून पाहिलं. 'मी सारल्या' म्हटलं, की 'मग आठ दिवस काय करत होतास?' हे आलंच.

"गेला येऊन," तो हाताची विटांची धूळ धोतराला पुसत म्हणाला.

"बिनबोलावता! असा माणूस पाहिजे. पाडव्याला त्यालाच घेतो."

झुंबरबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गेणूने तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला आणि पोतं धरलं.

शेठ गेल्यावर गेणूने पेला काठोकाठ भरून चौथऱ्यावर ठेवला. थेंब सांडायची बराच वेळ वाट पाहिली. मग उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.