डाव्या कोपऱ्यातला गुळगुळीत तुकडा

मित्रांनो, मी कबड्डीच्या मॅटचा एक जुना तुकडा आहे. कधीकाळी निळा होतो. आज माझा रंग कोणता, हे सांगायची मला लाज वाटते, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

कारखान्यात माझ्या चारी कडांना दात कापले आणि अंगावर बारीक खरखरीत नक्षी उठवली. दात शेजारच्या तुकड्याला धरायला, खरखर खेळाडूचा पाय धरायला. आमचे गठ्ठे टेम्पोतून पवनानगरला आले तेव्हा बजरंगशेठनी नारळ फोडला. शेठचा धरणाकाठी तंबूंचा कॅम्प आहे आणि तालुक्याच्या व्यावसायिक लीगमध्ये मुलींचा संघही आहे. पहिली काही वर्षे मी अगदी मध्यरेषेजवळ होतो. लोक वाकून मला हात लावायचे आणि मी आपला फुगायचो.

पुढे कॅम्पवर पाहुणे वाढले. त्यांना नाचायला काहीतरी मऊ हवे, म्हणून आम्हालाच तंबूंसमोर अंथरू लागले. आमच्यावर बूट नाचले, शेगडीतले निखारे सांडले. दुसऱ्या दिवशी आम्हाला दवाने भिजलेले तसेच ओले शेडमध्ये रचून ठेवत. माझी खरखर गेली आणि मी झिजलेल्या पायरीसारखा गुळगुळीत झालो. शिवाय आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. मॅट जोडताना चांगले तुकडे खुर्च्यांच्या बाजूला लावायचे, खराब तुकडे पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात. येणाऱ्याजाणाऱ्याला मॅट नवी दिसली म्हणजे झाले.

त्याच कोपऱ्यात प्रतीक्षा उभी राहिली.

ती इंदुरीच्या संघाची. आपल्या दोन मुरलेल्या चढाईपटू इंदुरीला देऊन शेठनी तिला बदल्यात घेतले होते. ती कोपरा सांभाळणारी, पण थांबून राहणारी नव्हे. चढाई करणारी आत शिरली की बाकीच्या ती जवळ येण्याची वाट पाहतात; ही पुढे झेपावून थेट घोटा धरते. पकड बसली तर बघणारी माणसे उभी राहतात. हुकली तर गुण जातो आणि मागे भगदाड पडते. इंदुरीत तिच्या पकडी बसायच्या. इथे हुकू लागल्या. कारण झेप घेताना ज्या पायावर जोर द्यायचा, तो पाय माझ्यावर असायचा. मी तो धरू शकत नव्हतो. तिचा हात घोट्यापासून वीतभर अलीकडेच पडायचा. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

"दोन दुभत्या म्हशी दिल्या अन् कालवड आनली आपुन," शेठ चहा पिताना सगळ्यांसमोर म्हणाले. मुली खाली बघू लागल्या. प्रतीक्षाने बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"पोरगी उतावळी हाय. पायात दमच न्हाई," प्रशिक्षक कैलाससरांनी निकाल दिला. "रविवारी शेवटचं बघतो. न्हाई जमलं तर हंगामभर बाकावर."

हंगामभर बाकावर बसलेल्या मुलीला पुढच्या वर्षी कोणताच संघ घेत नाही. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

रविवारी संघाची कप्तान सारिका चढाईला आली. प्रतीक्षा झेपावली आणि घसरली. परत घसरली. सर चिडले. "हो बाजूला. उभं कसं ऱ्हायचं ते बघ," म्हणत ते स्वतः कोपऱ्यात आले. सारिका आत शिरली, सरांनी मागच्या पायावर जोर दिला आणि दाणकन खाली बसले.

सरांनी माझ्यावरून तळहात फिरवला. मग शेजारच्या तुकड्यावरून फिरवला. मग परत माझ्यावरून. इतकी लाज मला त्या निखाऱ्यांनीही आणली नव्हती.

"हे आदी का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारले.

"मी नवीन, सर. आल्या आल्या मॅटला नाव ठेवलं असतं, तर तुमीच म्हनला असता, नाचता येईना अंगण वाकडं."

सर म्हणालेच असते. ते त्यांनाही कळले असावे. नंतर त्यांनी मला उपसून काढले आणि खुर्च्यांजवळचा एक चांगला तुकडा माझ्या जागी बसवला.

सगळा दोष माझाच होता असे म्हणून मला मोठे व्हायचे नाही. पुढच्या झेपेतही ती घाईच करून बसली आणि सारिका निसटली. पण त्यानंतर घोटा असा हातात आला, की सारिका जागची हलली नाही.

"पोरगी उतावळी हाय खरी," सर शेठना म्हणाले, मान खाली घालून. "पन ती पुढं गेल्यावर मागची जागा कुनी भरायची, ते आपुन ठरवलंच नव्हतं."

मी आता शेडच्या दारात पडलेला असतो. लोक माझ्यावर पाय पुसतात. मित्रांनो, खेळाची वस्तू ओली रचू नका, तिच्यावर निखारे सांडू नका. आणि कुणाचा पाय घसरला तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या पायाखाली आपण काय अंथरले आहे, ते एकदा हात लावून बघा.

परवा घोरावाडीहून एक नवी मुलगी चाचणीला आली. सरांनी तिला डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेवढ्यात प्रतीक्षा पुढे झाली. तिथे उभी राहिली, बुटाचा तळ मॅटवर दोनदा जोराने घासून पाहिला, आणि मग त्या मुलीला म्हणाली, "ये आता."